मागच्या बाकावरचे मूल आणि आपण

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त चौक येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला दोन शब्द बोला, असे समितीने सांगितले तेव्हा कार्यकर्त्यांचा अंदाज असा की हा कामगार चळवळीतला माणूस, हा पगारवाढीवर आणि कंत्राटी पद्धतीवर बोलणार. आम्ही म्हटले, यंदा नाही. यंदा शाळेवर बोलायचे आहे. शाळेत जे मूल मागच्या बाकावर बसते, ज्याला काही येत नाही असे सगळे धरून चालतात, त्या मुलावर बोलायचे आहे. आणि त्या मुलाला हात देणारा जो समुपदेशक, ज्याला आपण सर्रास काउन्सिलर म्हणतो, त्याने काय करावे आणि तो नसेल तर आपण काय करावे, यावर बोलायचे आहे.

तुम्ही विचाराल, नववी नापास माणसाला हा अधिकार कोणी दिला? खरे आहे. आम्ही कागदाच्या गिरणीत तीस वर्षे पाळ्या केल्या. जे काही वाचले ते रात्रपाळीच्या सुट्टीत आणि विहारातल्या कपाटातल्या पुस्तकांतून. पण या विषयात आम्ही गुन्हेगार आहोत, आणि गुन्हेगाराला आपला गुन्हा ठाऊक असतो. म्हणून बोलतो.

आमचा थोरला मुलगा १९९५ सालचा. बोलायला चुरचुरीत, हिशेबात तोंडी पक्का. पण वाचायला बसवला की घाम फुटायचा. ‘कमळ’ लिहायला सांगितले तर ‘मकळ’ लिहायचा. फळ्यावरचे उतरून घेताना अर्धी ओळ गाळायचा. शाळेतून चिठ्ठी आली, मुलगा आळशी आहे, घरी लक्ष द्या. आम्ही लक्ष दिले. म्हणजे काय केले? पाळीवरून यायचो, वही उघडायचो आणि पट्ट्याने मारायचो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आम्ही बाहेर सभेत ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ म्हणून घसा फोडणारे, आणि घरात शिकता न येणाऱ्या लेकराला मारणारे. २००८ साली आठवीत तो नापास झाला आणि दप्तर माळ्यावर टाकून गॅरेजला लागला.

त्याच्या आदल्या डिसेंबरात ‘तारे जमीन पर’ पिक्चर आला होता. पुढे तो आम्ही टीव्हीवर पाहिला. डोळ्यांत पाणीही आले. पण मनात आले, ही मोठ्या लोकांच्या पोरांची दुखणी. आपल्या घरात तेच दुखणे बसले आहे हे काही सुचले नाही. खूप वर्षांनी एका शिबिरात एक समुपदेशक बाई आल्या. त्यांनी फळ्यावर अध्ययन अक्षमतेची लक्षणे एकेक करून लिहिली. आम्ही खाली बसून आमच्याच पोराची वही वाचत होतो जणू. घरी येऊन माळ्यावरून दप्तर काढले. सगळे तसेच. मुलाला जवळ बसवून सांगितले की बाबा, तुझा दोष नव्हता, आम्ही चुकलो. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “मला वाटायचं सगळ्यांनाच एवढा त्रास होतो. बाकीचे सहन करतात, मलाच होत नाही.”

मित्रहो, हे वाक्य आम्ही मरेपर्यंत विसरणार नाही. जे मूल आठ वर्षे शाळेत बसले, त्याला एकाही माणसाने विचारले नाही की बाळा, तुला नेमके काय होते? हा प्रश्न विचारणारा माणूस म्हणजेच समुपदेशक. बाकी त्याच्या पदव्या नंतर.

आता हे काम काही कालचे नाही. मुंबईत पारशी पंचायतीने १९४७ साली व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र काढले. १९५० साली मुंबई सरकारने आपले केंद्र काढले. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांतून मार्गदर्शनाची सोय हवी असे सांगून ठेवले. म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ झाला. पण त्या गोष्टी शहरातल्या शाळांतच रेंगाळल्या. आपल्या खालापूर-कर्जतच्या वाड्यांवर दोन मास्तर आणि चार वर्ग अशी शाळा. तिथे काउन्सिलर कुठून येणार?

आणि त्याच्याही आधीची गोष्ट सांगतो. ज्या मुलाला साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, त्या मुलाच्या गरजा बाकीच्या मुलांसारख्या होत्या का? तहान लागली तरी नळाला हात लावायची सोय नाही. तोच मुलगा मुंबईला आला, चर्नी रोडच्या बागेत वाचत बसू लागला. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी त्याला हेरले. पुस्तके दिली, १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर सत्काराच्या सभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र हातात ठेवले, पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकून शिष्यवृत्ती मिळवून दिली. केळुस्कर गुरुजी जातीने आपले नव्हते, त्या मुलाच्या वर्गाचे शिक्षकही नव्हते. पण मुलाला काय हवे आहे हे त्यांनी पाहिले. समुपदेशकाचे काम याहून वेगळे काय असते?

तथागतांच्या संघातलीही एक गोष्ट आहे. चुल्लपंथक नावाचा भिक्खू. त्याचा थोरला भाऊ महापंथक विद्वान. त्याने धाकट्याला एक गाथा पाठ करायला दिली. चार महिने झाले तरी चार ओळी पाठ होईनात. पुढची ओळ आली की मागची जायची. भाऊ म्हणाला, तुझा इथे उपयोग नाही, घरी जा. तो रडत दाराशी उभा होता. भगवान बुद्धांनी त्याला पाहिले. त्यांनी त्याला गाथा दिली नाही. पांढऱ्या फडक्याचा एक तुकडा दिला आणि सांगितले, हा हाताने चोळत बस, आणि मळ निघून जावो एवढेच म्हणत राहा. चोळता चोळता फडके मळले, आणि सगळे बदलते, मनालाही असाच मळ चढतो, हे त्याचे त्याला उमगले. तोच पुढे अर्हत झाला. कथेतला चमत्काराचा भाग बाजूला ठेवा. बुद्धांनी धडा बदलला नाही, धडा शिकवायची रीत बदलली. भाऊ पाठांतर मागत होता, बुद्धांनी समज मागितली. आजच्या भाषेत यालाच विशेष गरजा असलेल्या मुलाचे शिक्षण म्हणतात.

आता आपल्या भागातली मुले बघू. सगळ्यांना एकच औषध चालत नाही, म्हणून वेगवेगळी सांगतो.

पहिली, अपंगत्व असलेली मुले. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस झाले, आणि त्यांत अध्ययन अक्षमता, स्वमग्नता हे स्पष्ट लिहिले आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पुढे बसवावे आणि शिक्षकाने फळ्याकडे तोंड करून न बोलता त्याच्याकडे तोंड करून बोलावे. कमी दिसणाऱ्याला मोठे अक्षर द्यावे. वाचता न येणाऱ्याला चारचौघांत उभे करून वाचायला लावू नये, तोंडी विचारावे, वेळ जास्त द्यावा. फिट येणाऱ्या मुलाला कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात काही घालू नये, कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या वस्तू बाजूला कराव्यात आणि फिट लवकर थांबली नाही तर दवाखाना गाठावा. हे सगळ्या शिक्षकांना शिकवून ठेवणे हेही समुपदेशकाचेच काम.

दुसरी, आमच्या कातकरी बांधवांची मुले. दिवाळी झाली की आईबाप वीटभट्टीवर जातात, मूल बरोबर जाते. पाऊस लागला की परत. तोवर वर्ग पुढे निघून गेलेला. त्याच्या घरची बोली वेगळी, पुस्तकाची भाषा वेगळी. ते गप्प बसते, आणि आपण म्हणतो मठ्ठ आहे. त्याची बुद्धी मठ्ठ नाही, त्याची शाळा मोडलेली आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते घेऊन गेले तर भट्टीजवळच्या शाळेने त्याला बसवून घ्यायचे असते. भट्टीवर निघायच्या आधी ते कार्ड त्या मायबापाच्या हातात पडले की नाही, हे कोणीतरी बघितले पाहिजे की नको?

तिसरी गोष्ट बोलताना आवाज जड होतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. आपल्या डोळ्यांसमोरचा तो इर्शाळगड. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे मातीखालीच राहिली. वर जायला गाडीरस्ता नव्हता, माणसे पाठीवर सामान घेऊन चढत होती. त्या ठाकर वाडीतली जी पोरे आश्रमशाळेत राहायला होती ती वाचली. वाचली म्हणजे काय, मित्रहो? शाळेतून सुट्टीला जायचे घरच राहिले नाही. आईबाप गेले. अशा मुलाला मदत म्हणून वह्या, दप्तर, कपडे खूप आले. ते चांगलेच झाले. पण पाऊस धो धो लागल्यावर जे मूल वर्गात खिडकीकडे बघत राहते, रात्री दचकून उठते, त्याला दप्तराने बरे वाटत नाही. त्याच्याजवळ बसणारा माणूस लागतो, तोही एक दिवस फोटो काढून जाणारा नको. महिना, दोन महिने, वर्ष येत राहणारा पाहिजे. त्याला बोलायची जबरदस्ती करू नये. चित्र काढू द्यावे, खेळू द्यावे. दरवर्षी तो दिवस जवळ आला की जास्त लक्ष ठेवावे. दुःख बातमीबरोबर संपत नाही.

चौथी, आपली स्वतःची मुले. घरात पहिल्यांदाच दहावी-बारावी बघणारी. त्यांना अपंगत्व नाही, पण वाट दाखवणारे घरात कोणी नाही. इथे आम्हांस मार्गदर्शकांना हात जोडून एक सांगायचे आहे. आडनाव बघून सल्ला देऊ नका. ‘तुमच्या पोरांनी आयटीआय करावे, लवकर कमावते व्हावे,’ असा सल्ला आम्ही फार ऐकला आहे. आयटीआय वाईट नाही, आमचे कितीतरी सोबती तिथेच शिकून हुशार फिटर झाले. पण ती मुलाची आवड असली पाहिजे, आडनावाची शिक्षा नसावी. मुलाला भारत सरकारची शिष्यवृत्ती सांगा, वसतिगृह सांगा, वसतिगृह न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सांगा, जातीचा दाखला वेळेवर काढायला सांगा. मग त्याला ठरवू द्या.

आता समुपदेशकांकडून आमच्या अपेक्षा थोडक्यात मांडतो.

एक. आधी डोळे आणि कान तपासा, मग डोके. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक २०१३ पासून शाळांत तपासणीला येते. पथक यायच्या आधी शिक्षकांनी शंका असलेल्या मुलांची यादी तयार ठेवावी. कितीतरी ‘ढ’ मुले चष्मा लागल्यावर शहाणी झालेली आम्ही पाहिली आहेत.

दोन. मुलाने विश्वासाने सांगितलेले शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर वाटू नका. मात्र मुलावर अत्याचार होत असल्याचे कळले तर गप्प बसायचे नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याने ते कळवणे बंधनकारक आहे. मुलालाही आधीच सांगा की तुझ्या जिवाला धोका असेल तेवढेच मी पुढे सांगेन.

तीन. कागद वेळेवर करा. दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ, लेखनिक, काही विषयांत सवलत मिळते, पण त्यासाठी प्रमाणपत्र आणि शाळेमार्फत बोर्डाकडे अर्ज लागतो. प्रमाणपत्रासाठी अलिबागला जिल्हा रुग्णालयात किंवा मुंबईला जायचे म्हणजे आमच्या माणसाची दिवसाची हजेरी बुडते, एका खेपेत काम झाले नाही तर दोन दिवसांची. म्हणून ही धावपळ आठवी-नववीतच सुरू करा. दहावीच्या जानेवारीत आठवण होऊन उपयोग नाही.

चार. आईबापाला सकाळी अकराला शाळेत बोलावू नका. आमची पहिली पाळी असते, बाई बिगारीवर गेलेली असते. संध्याकाळी या, नाहीतर रविवारी विहारात या. आणि आल्यावर मुलाची पहिली चांगली गोष्ट सांगा. शाळेतून बोलावणे आले म्हणजे तक्रारच, अशी आमची समजूत झाली आहे. तिचा राग घरी पोराच्या पाठीवर निघतो, हे आम्हीच तुम्हांस सांगतो.

पाच. एकट्याने सगळे होणार नाही. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांना बोलवा. वर्गशिक्षक, विशेष शिक्षक, आरोग्य पथक, आईबाप एकत्र बसून एका मुलाचा एक कागद करा. येत्या तीन महिन्यांत या मुलासाठी काय करायचे ते त्यावर लिहा आणि तीन महिन्यांनी तोच कागद पुन्हा उघडा.

शिक्षक म्हणतील, हे सगळे ठीक, पण माणूस कुठे आहे? त्यांची अडचण खोटी नाही. जनगणना, निवडणूक, माहित्या भरणे, सगळे त्यांच्याच डोक्यावर. परंतु आता कायद्याचा आधार आला आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असला पाहिजे. पटसंख्या त्याहून कमी असेल तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडणी करून ठेवली पाहिजे. आमच्या वाड्यांवरच्या शाळा या दुसऱ्या प्रकारात येतात. म्हणजे ‘आमची शाळा लहान आहे’ ही सबब आता चालणार नाही. पालकसभेत, शाळा व्यवस्थापन समितीत हा प्रश्न विचारा. समितीत आईबापांच्या जागा असतात, त्या नुसत्या सहीसाठी नसतात. आणि मारण्याबद्दलही ऐका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलाला मारणे आणि मानसिक छळ करणे दोन्ही बंद केले आहे. घरातल्या पट्ट्यासाठी कायद्याची वाट बघू नका, तो आपणच खुंटीवर टांगा.

राहता राहिले विहाराचे काम. विहार हे नुसते वंदनेला आणि जयंतीला उघडायचे ठिकाण नाही. आमची सूचना अशी. दर रविवारी सकाळी दोन तास इथे मुलांना बसू द्या. आपल्यातली शिकलेली पोरे-पोरी मोठ्याने पुस्तक वाचून दाखवतील, ज्याला वाचता येत नाही तो ऐकेल. दाखल्यांचे, शिष्यवृत्तीचे अर्ज इथेच भरून द्या. भिंतीवर दोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहा: मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६. ठाकरवाडी, कातकरवाडीच्या मुलांनाही बोलवा. ती आपली नव्हेत असे म्हणाल, तर गोणपाटावर बसवणाऱ्यांत आणि आपल्यात फरक तो काय राहिला?

आमच्या गिरणीत मशीनवर कागद तुटला तर कोणी कागदाला शिव्या देत नाही. ओल किती आहे, ताण किती आहे, लगदा कसा आला, हे बघतात. आणि तुटलेला कागद फेकूनही देत नाहीत, परत लगद्याच्या हौदात घालतात. कागदाला जो न्याय देतो तो आम्ही आमच्या पोराला दिला नाही.

आता आमची नात दुसरीत आहे, त्याच मुलाची मुलगी. गेल्या दिवाळीत तिची वही हातात घेतली आणि छातीत धस्स झाले. तेच उलटे शब्द, तीच गाळलेली ओळ. या खेपेस आम्ही पट्टा शोधला नाही. मी आणि तिचा बाप दोघे तिच्या बाईंना जाऊन भेटलो. बाई म्हणाल्या, साधारण आठ वर्षांच्या आत पक्का शिक्का मारत नाहीत, पण मदत आजपासून करायला हरकत नाही. त्यांनी तिला पुढच्या बाकावर घेतले. वाळूत बोटाने अक्षर काढायला लावतात, तोंडी उत्तर घेतात. तपासणीसाठी तिला न्यायचे ठरले आहे. काय निघेल ते निघेल. परवा ती बापाला म्हणाली, “बाबा, मला वाचताना लई त्रास होतो.” तिचा बाप तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, “मलापण व्हायचा. सांग कुठं होतो ते.”

एवढेच आमच्या मुलाला २००८ साली कोणीतरी म्हणायला हवे होते. ते प्रत्येक मुलाला म्हणणारे कोणी ना कोणी आपल्या प्रत्येक शाळेत आणि प्रत्येक घरात असावे, एवढी इच्छा व्यक्त करतो आणि आमचे दोन शब्द संपवतो.

जयभीम! नमो बुद्धाय!